आत्यामार्गे लग्न

धाकट्या बहिणीचं नोंदणी लग्न सगळ्या नातेवाइकांना घरबसल्या दाखवायचं काम दादानं अंगावर घेतलं होतं, आणि सकाळपासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. नोंदणी कार्यालयाच्या खोलीत मोजकीच माणसं मावत. त्यानं फोनच्या नेटवर लॅपटॉपचा ब्राउझर उघडून सगळ्यांना लिंक पाठवली. मधे कुठल्या कंपनीचा सर्व्हर नाही; चित्र त्याच्याकडून पहिल्या माणसाकडे, तिथून दुसऱ्याकडे, असं हातोहात पुढं जाणार. सगळ्यांत आधी आत्या हजर झाली. खोलीत आपल्याला जागा नाही म्हणून ती आधीच धुसफुसत होती.

अधिकाऱ्यांनी साक्षीदारांना पुढं बोलावलं. मावशी ऐटीत पेन घेऊन उठली आणि दादाचा फोन वाजला. "अरे, चित्र गेलं." तो ठेवतो न ठेवतो तोच दुसरा, मग काकांचा. सगळ्यांचंच गेलं होतं. दादाच्या लक्षात आलं, साखळीत पहिली आत्याच होती. त्यानं आत्याला फोन लावला.

"आत्या, तू बंद केलंस का?"

"केलं. मावशी साक्षीदार आणि आम्ही परके. माझ्यावाचून कुणाचं काय अडतंय?"

"सगळ्यांचं अडलंय गं. तुझ्याकडूनच पुढं जातंय ते."

"म्हणजे मी बंद केलं की कुणालाच दिसत नाही?"

"दिसत नाही, ऐकूही येत नाही. पाया पडतो, उघड. आणि मी सांगेपर्यंत बंद करू नकोस."

अधिकारी चुळबुळत होते, नवरदेव पेनाचं टोपण काढून पुन्हा लावत होता. अखेर आत्यानं उघडलं. सह्या झाल्या, बहीण कॅमेऱ्याकडे बघून हसली, तेव्हा कुठं दादाच्या जिवात जीव आला.

लॅपटॉप घाईघाईनं अर्धवट मिटून तो मावशीशेजारी गाडीत बसला. इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं आता बाहेर पडलं.

"काय नाटकी आहे गं आत्या. जरा काही झालं की फुगून बसायचं. पाया पडायला लावलं मला."

मावशी वाटच बघत होती. तिनं जुनीपुराणी सगळी उणीदुणी काढली, ओघात काका-काकूंनाही सोडलं नाही, आणि दादा "अगदी बरोबर" म्हणत राहिला. घर येईपर्यंत दोघांचंही मन कसं हलकं झालं होतं.

दारातच फोन वाजला. आत्याचा.

"दादा, आता बंद करू का?"

दादानं काखेतल्या लॅपटॉपकडे पाहिलं. अर्धवट मिटलेल्या झाकणातून कॅमेऱ्याचा हिरवा दिवा दिसत होता.

"तू... ऐकत होतीस?"

"मी एकटी कशाला? तूच म्हणालास ना, बंद करू नकोस. मी मधेच बंद केलं असतं, तर बाकीच्यांना कसं ऐकू गेलं असतं?"