ताडपत्रीची साक्ष

घराच्या विम्याचा हप्ता भरमसाट वाढणार हे कळल्यापासून अल्सिड फाँटेनोच्या घशाखाली घास उतरेना. त्याच्या लेक चार्ल्स गावात विमा नसेल तर कर्ज देणारी बँक घरावर टाच आणते. एकच आशा होती. दर वाढवायला राज्याच्या विमा आयुक्तांची परवानगी लागते आणि त्यांनी राजधानी बॅटन रूजला जाहीर सुनावणी ठेवली होती.

"तू जा आणि चांगला गळा काढ," बायको वर्ना म्हणाली. "नुसतं 'परवडत नाही' म्हणालास तर कुत्रंही विचारणार नाही."

अल्सिड गेला. शपथ घेऊन बोलू लागला. आयुक्त जांभया देत होते, विमा कंपनीचा वकील फोनमध्ये डोकं खुपसून बसला होता. अल्सिडचा पारा चढला.

"साहेब, मागच्या वादळापासून माझं छप्पर गळतंय! विमा असला तरी दुरुस्तीचा पहिला मोठा खर्च आमच्याच बोकांडी, म्हणून तसंच ठेवलंय. वर निळी ताडपत्री आहे. बायको डोक्याला प्लास्टिकची टोपी घालून झोपते. आणि ह्यांना हप्ता वाढवून हवाय!"

सभागृह हळहळलं. वकिलाने प्रथमच मान वर केली आणि मोठ्या आस्थेने पत्ता विचारला. अल्सिडने तो ठणकावून सांगितला.

दरवाढ फेटाळली गेली. शेजारच्या क्लोविसने अल्सिडच्याच अंगणात गॅसवर भला मोठा टोप चढवला आणि क्रॉफिश, म्हणजे तिकडचे झिंगे, उकडायला घातले. "लेका, अख्ख्या गल्लीला वाचवलंस!" म्हणत त्याने अल्सिडची पाठ बडवून लाल केली.

तेवढ्यात कंपनीची एक बाई शिडी घेऊन आली.

"भाषण फार सुंदर झालं तुमचं," ती म्हणाली. "आमच्या ऑफिसात सगळ्यांनी ऐकलं." मग वर चढून तिने ताडपत्रीचे फोटो काढले. "असलं छप्पर आम्हाला चालत नाही. तुमचा विमा यंदा पुढे चालू ठेवणार नाही. बाकी गल्लीला जुनाच दर."

वर्ना पुढे सरसावली. "अहो, ह्याच्या बोलण्यावर काय जाता! थापाड्या आहे मेला. छप्पर ठणठणीत आहे. ताडपत्री आपली... शोभेला घातलीय."

"म्हणजे शपथेवर थाप मारली? मग ते कळवावं लागेल. त्यापायी तुरुंगात जावं लागतं."

सगळे अल्सिडकडे बघू लागले. क्लोविसने टोपाखालचा गॅस बारीक केला. अल्सिडने एकदा ताडपत्रीकडे पाहिलं, एकदा वर्नाकडे.

"बाई," त्याने खालच्या आवाजात विचारलं, "तुरुंगाचं छप्पर तरी गळत नाही ना?"