खुणेचा कागद

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ग्रंथपालांनी टेबलाचा खण तिसऱ्यांदा उपसला. तिसऱ्यांदाही त्यातून दोन खोडरबर, एक वाळलेलं स्टँपपॅड आणि मागच्या वर्षीचं कॅलेंडर निघालं. अर्ज काही निघाला नाही.

अर्ज साधासुधा नव्हता. वाचनालयाचं अनुदान पुढे चालू ठेवायचं असेल, तर अध्यक्षांच्या सहीचा अर्ज आज संध्याकाळी पाचच्या आत पोचवा, असं नगरपालिकेने कळवलं होतं. नाही पोचला, तर पहिल्या तारखेपासून अनुदान बंद आणि वाचनालयाच्या हॉलमध्ये नगरपालिकेच्या मोडक्या खुर्च्या. त्या पत्राच्या समासात अनुदान विभागाच्या साहेबांनी स्वतःच्या हाताने एक शेराही मारला होता, 'हल्ली वाचतं कोण?' अध्यक्षांनी काल वाचनालयात येऊन सही केली आणि तिथूनच ते मुलीकडे जायला गाडीत बसले. आता तीन दिवस दुसरी सही मिळायची सोय नव्हती.

"काका, काल अर्ज शेवटचा कुठे पाहिलात?" ग्रंथपालांनी शिपाईकाकांना विचारलं. आवाज नेहमीसारखा हळूच होता, पण तोंडचं पाणी पळालं होतं.

"तुमच्या हातात. अध्यक्ष उठले, तुम्ही त्यांना दारापर्यंत सोडायला गेलात."

"आणि त्याआधी मी काय करत होतो?"

"वाचत होतात की."

ग्रंथपाल मटकन खुर्चीत बसले. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने भिंतीवर तीन नियम रंगवले होते. शांतता राखा. पानाचा कोपरा दुमडू नये. पुस्तक परस्पर दुसऱ्यास देऊ नये. पहिल्या नियमामुळे सभासद त्यांना पाठीमागे 'शांततासाहेब' म्हणत. दुसऱ्याने मात्र काल त्यांचा घात केला होता. घड्याळजीच्या खुनाची ती रहस्यकथा ऐन रंगात आली होती. पान एकशे एकाहत्तर, खून झालेल्याची भाची नुकतीच कपाट उघडत होती आणि अध्यक्ष उठले. कोपरा दुमडणं प्राण गेला तरी शक्य नव्हतं. हाताला लागला तो कागद त्यांनी पानात घातला.

"ते पुस्तक कुठाय?"

"मास्तरांनी नेलं. टेबलावर पडलं होतं, मी नोंद करून दिलं." मग काका सावधपणे म्हणाले, "टेबलावर पडलेलं पुस्तक परत आलेलं समजायचं, हे तुम्हीच सांगितलंय."

ग्रंथपालांनी काकांची सायकल काढली. कामाच्या वेळेत वाचनालय सोडून बाहेर पडण्याची त्यांची ही पहिलीच खेप होती.

निवृत्त मास्तरांच्या घराला कुलूप होतं. दोन वाजून गेल्यावर ते परतले आणि ओट्यावर नखं कापत बसले. पुस्तकाचं नाव काढताच त्यांचा चेहरा उजळला. "काय डोकं लावलंय हो! मला शेवटपर्यंत वकिलाचा संशय. आणि निघाला कोण, तर—"

"मास्तर, हात जोडतो. माझं व्हायचंय अजून. आत एक कागद होता?"

"होता ना. चांगला जाड. तुमच्या पानातून काढून मी माझ्या पानात घालत गेलो."

"त्यावर काय लिहिलंय ते नाही पाहिलंत?"

"दुसऱ्याचा कागद मी वाचेन?" मास्तर दुखावले.

"बरं, चुकलं माझं. पुस्तक द्या."

मास्तर पुन्हा नखं कापू लागले. तिसरा नियम त्यांना तोंडपाठ होता. "सूनबाई घेऊन गेली कामावर," ते नखांकडे पाहत म्हणाले.

सूनबाई दातांच्या दवाखान्यात नंबर लावायच्या. तिथे गालाला हात लावलेली सहा माणसं बसली होती. ग्रंथपाल टेबलाशी येताच सूनबाईंनी वर न बघताच विचारलं, "कुठला दात?"

"दात नाही. पुस्तक."

आता त्यांनी वर पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. "मामंजींनी सांगितलं ना?"

"तुम्हाला मी काही बोलणार नाही. पुस्तक तेवढं द्या."

"समोरच्या शिंप्यांना दिलं. त्यांची दाढ काढायची होती आणि ते खुर्चीतून दोनदा पळून गेले. शेवटी मी पुस्तक हातात दिलं. इंजेक्शन कधी टोचलं ते कळलंसुद्धा नाही त्यांना. मग सोडायलाच तयार होईनात. माझी शेवटची वीस पानं राहिलीत हो. कोण निघालं ते कळलं तर मलाही सांगा."

शिंप्याचं दुकान बंद होतं. दाढ काढून माणूस झोपला होता आणि त्याची बायको त्याला उठवायला तयार नव्हती. ग्रंथपाल दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. समोर दवाखान्याच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि त्याच्याकडे पाहू नये असं ठरवूनही ते दर मिनिटाला पाहत होते. बावीस वर्षं लावलेली कपाटं, रोज सकाळी पेपरसाठी उघड्यावर ताटकळणारे म्हातारे, परीक्षेच्या दिवसांत कोपऱ्यात बसणाऱ्या मुली, त्यांच्या जागी मोडक्या खुर्च्या. आणि हे सगळं आपल्याच हाताने. त्यांना रडू यायचंच बाकी होतं.

पावणेचारला शिंपी आला. तोंडात कापसाचा बोळा. बोलायला बंदी. ग्रंथपालांनी सगळं सांगितल्यावर त्याने खडू घेतला आणि कापायला पसरलेल्या काळ्या कापडावर लिहिलं, 'गिऱ्हाईक आलं. पँट तयार नव्हती. साहेब चिडले. पुस्तक दिलं. गप झाले. दोन वाजता घेऊन गेले.'

"कोण साहेब?"

शिंप्याने लिहिलं, 'नगरपालिका. अनुदान.'

ग्रंथपालांना घाम फुटला. शिंपी मात्र उत्साहात पुढे लिहू लागला, 'खुनी तर—' तेवढ्यात ग्रंथपालांनी तळहाताने ती ओळ पुसून टाकली आणि सायकलवर टांग मारली.

पहिल्या चढालाच चेन पडली. सायकल ढकलत ते नगरपालिकेत पोचले तेव्हा पाचला एकोणीस मिनिटं होती. अनुदान विभागाच्या दाराशी तिथला शिपाई हात आडवा करून उभा.

"साहेब महत्त्वाच्या फाईलमध्ये आहेत. कुणाला सोडू नका म्हणालेत."

"माझं दोन मिनिटांचं काम आहे."

"पाचनंतर या."

"पाचनंतर येऊन उपयोग नाही हो."

शिपाई ढिम्म हलला नाही. पाचला दहा कमी. दाराच्या फटीतून ग्रंथपालांना टेबल दिसत होतं. साहेबांनी मोठी फाईल उभी धरली होती आणि तिच्या आत खाकी वेष्टणाचं पुस्तक होतं. वेष्टण ग्रंथपालांनी स्वतः घातलेलं, कण्यावरचा पांढरा आकडाही त्यांच्याच हातचा. मग बावीस वर्षांत न झालेली गोष्ट झाली. शांततासाहेब ओरडले.

"साहेब!"

"शांतता राखा," शिपाई म्हणाला.

पण साहेबांनी दचकून मान वर केली होती. "काय आहे?"

"वाचनालयाचा अर्ज, साहेब. आज शेवटचा दिवस."

"मग द्या. कुठाय?"

"तुमच्या हातात."

साहेबांनी बोटांत धरलेला कागद उलटा केला, सुलटा केला आणि पहिल्यांदाच वाचला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "म्हणजे हा दुपारपासून माझ्याकडेच आहे?"

"दोन वाजल्यापासून."

"मुदतीत आलाय म्हणायचा." साहेबांनी शिक्का मारला. मग हळूच विचारलं, "किती जणांनी वाचलं हो हे कालपासून?"

नोंदवहीप्रमाणे एकाने. जास्त सांगावेत तर तिसरा नियम आपणच गुंडाळून ठेवल्यासारखं होणार. ग्रंथपालांनी बोटांवर मोजलं. "मास्तर, त्यांची सून, शिंपी, तुम्ही. आणि मी, एकशे एकाहत्तर पानं."

"नियमात बसत नाही हे."

"नाही बसत."

साहेबांनी वाचनालयाची फाईल ओढली, तिच्यातल्या पत्राच्या प्रतीवरच्या 'हल्ली वाचतं कोण?' वर शांतपणे काट मारली आणि एक चिठ्ठी पुढे केली. "ही पोच. जपून ठेवा. उद्या कुणी म्हटलं अर्ज आलाच नाही, तर तुमच्याकडे पुरावा एवढाच."

ग्रंथपालांना भरून आलं. आभाराचे शब्द जुळवत ते उभे होते, तोच साहेबांनी पुस्तक मिटायला घेतलं. अर्ज तर फाईलला लागला होता. खुणेला काही उरलं नव्हतं. साहेबांनी पानाचा कोपरा चिमटीत धरला.

*

वाचनालयाच्या फाटकाशी शिपाईकाका वाट पाहत उभे होते.

"पोचला अर्ज?"

"पोचला. पाचच्या आत."

"देव पावला. आणि पोच?"

ग्रंथपालांनी सायकल भिंतीला टेकवली. "पान एकशे नव्वद," ते म्हणाले.

"जित्याची खोड," काका पुटपुटले आणि सुटलेली चेन बसवायला खाली वाकले. "उद्या कुणाकडे जायचंय?"

"साहेबांच्या आईंकडे. साहेबांचं झालं की त्या घेणारेत."