चिकटपट्टीच्या अलीकडे

हलू नका

फोटोकाका गुडघे टेकून जमिनीवर पिवळी चिकटपट्टी लावत होते आणि काकू आरामखुर्चीत बसून आपल्याच घराची फाळणी बघत होत्या. खिडकी, आरामखुर्ची, बाल्कनी आणि आतली झोपायची खोली काकूंच्या वाट्याला आली. सोफा, टीव्ही आणि स्वयंपाकघर काकांकडे गेलं. स्वयंपाकघर गेल्याचं काकूंना काही वाटलं नाही. टीव्हीचं वाटलं.

काकूंच्या थायरॉईडनं वर्षभर उच्छाद मांडला होता. शेवटी इस्पितळात त्यांना किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली. गोळी एवढीशी, पण ती पोटात गेली की काही दिवस माणसाच्या अंगातूनच किरण बाहेर पडत राहतात. घरी सोडताना किरणसुरक्षेच्या बाईंनी नीट समजावून सांगितलं होतं. आठवडाभर वेगळं झोपायचं, कपबशी आणि टॉवेल वेगळा ठेवायचा, लहान मुलाला मांडीवर घ्यायचं नाही. एवढंच.

पण एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले. त्यांनी जन्मभर इस्पितळात एक्स-रे काढले. लोक त्याला फोटो म्हणत, म्हणून ते फोटोकाका. निवृत्त झाल्यापासून 'हलू नका' म्हणायला त्यांना माणूस मिळत नव्हता. आता घरबसल्या पेशंट सापडला होता.

श्वास घ्या

त्यातच लेकीचा फोन आला. तिची रजा अलीकडे ओढली गेली होती. परवा ती बाळाला घेऊन येणार आणि दोन दिवसांनी परत जाणार. पुढची रजा कधी मिळेल याचा पत्ता नव्हता. आठ महिन्यांची नात काकूंनी आजवर फक्त फोनच्या काचेत पाहिली होती, तीही बऱ्याचदा आडवी.

काकांनी येऊ नकोस म्हणून सांगून टाकलं. काकू भांडल्या नाहीत. त्या रात्रीच्या जेवणात एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या भांडणापेक्षा काकांना या गप्पपणाचीच धास्ती होती. सकाळी काकांनी स्वतःहून किरणसुरक्षेच्या बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, येऊ द्या की, खोलीच्या दुसऱ्या टोकाला असली तर काही बिघडत नाही. फक्त आजीच्या मांडीवर नको.

"लांबून तर लांबून," काकू म्हणाल्या. "खरी तर दिसेल."

काकांनी होकार दिला आणि कपाटावरून आपलं मीटर खाली काढलं. इस्पितळानं निकालात काढलेलं हे खोकं निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना हौसेनं दिलं होतं. आसपास किरण असले की ते टिकटिकतं. काकूंकडे तोंड केलं की ते लगेच बोलू लागे. काकांना त्याचा केवढा आनंद.

रोखून धरा

इथे जरा मागे जायला हवं, कारण त्या टिकटिकीनं काकूही मागे गेल्या होत्या. पहिल्या नोकरीच्या तपासणीसाठी त्या छातीचा फोटो काढायला गेल्या, तेव्हा थंडगार फळीला छाती लावून उभं केलं होतं. आडोशामागून आवाज आला, श्वास घ्या, रोखून धरा. मशीन खडखडलं आणि थांबलं. पुढचं 'सोडा' काही येईना. डोळे पांढरे व्हायची वेळ आली तेव्हा काकूंनी मागे वळून पाहिलं, तर आडोशामागचा तरुण गाल तळहातावर टेकून त्यांच्याकडे बघत उभा होता. मशीन जुनं होतं, वेळ घ्यायचं, असं काका आजही सांगतात.

त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांच्या शर्टांना फिल्म धुण्याच्या औषधाचा आंबट वास यायचा. पुढे इस्पितळात संगणक आले, फिल्म धुणं संपलं, वास गेला. त्या वर्षी काकूंना घरात कुणी परका राहायला आल्यासारखं वाटत असे.

सोडा

लेक आली. नातीला सोफ्यावर बसवलं. काकू पट्टीच्या अलीकडे अगदी कडेला, पुढे वाकून. काकांनी कोपरापर्यंत हात धुतले, हसत हसत नातीपुढे पसरले, आणि नुकतंच सुरू करून खिशात टाकलेलं मीटर टिकटिकलं.

"अगं, तू जरा मागे हो," काका काकूंना म्हणाले.

काकू मागे झाल्या. टिकटिक चालूच. त्या बाल्कनीत गेल्या, काचेचं दार ओढून घेतलं. तरी चालूच.

"बाबा, मीटर बिघडलंय तुमचं."

"मीटर बिघडत नसतं. माणसं बिघडतात."

काकांनी मीटर खिशातून काढून हात लांब करून सोफ्यापुढे धरलं. गप्प. टीव्ही, गप्प. लेक, गप्प. नातीनं ते चाटायचा प्रयत्न केला, तेव्हाही गप्प. काकांनी सुटकेचा श्वास टाकून ते परत खिशात ठेवलं आणि ते पुन्हा बोलू लागलं.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "स्वतःला लावून बघा बरं."

त्यांनी गळ्याशी नेलं. लाह्या फुटाव्यात तसं ते तडतडलं.

बाल्कनीचं दार बोटभर उघडलं. काकू बराच वेळ काकांची मिशी निरखत होत्या.

"चहा," त्या म्हणाल्या.

"कसला चहा?"

"माझा, सकाळचा. अर्धा उरतो तो कुठे जातो? मिशीला साय आहे तुमच्या."

काकूंनी आयुष्यात कधी पूर्ण कप संपवला नव्हता आणि उरलेला अर्धा काका लग्नापासून उभ्याउभ्या पिऊन टाकत आले होते. या आठवड्यातही काकूंचा कप त्यांनी हातमोजे घालून वेगळा धुतला, वेगळ्या फळीवर पालथा घातला. आणि धुण्याआधी रोज, न चुकता, त्यातला उष्टा चहा पिऊन टाकला. ते प्यायले हे त्यांना आत्ता कळत होतं.

लेकीनं बाईंना फोन लावला. बाई फोन बाजूला ठेवून कुठेतरी हसून परत आल्या. म्हणाल्या, अंश फार थोडा आहे, बाबांना काही होत नाही, भरपूर पाणी पिऊ दे. पण बाळाला मात्र या आठवड्यात त्यांनीही घेऊ नये.

काकांनी हात मागे घेतले आणि निमूट पट्टी ओलांडली. काकू आत येऊन आरामखुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी खोलीच्या टोकाच्या स्टुलाकडे बोट दाखवलं.

"दोन मीटर लांब," त्या म्हणाल्या.

बाहेर बसा

तिसऱ्या दिवशी, निघायच्या थोडं आधी, नात रांगायला लागली.

आयुष्यात पहिल्यांदा. लेकीनं तिला जमिनीवर ठेवून बॅगेची चेन लावायला पाठ फिरवली आणि नात दोन्ही हात पुढे टाकून निघाली, ती थेट आजीआजोबांच्या दिशेनं. पट्टी तिला दिसली असेल, पण तिनं मानली नाही.

"आली, आली," काकू म्हणाल्या आणि खुर्चीतून उठल्या. दोन पावलं पुढे गेल्या आणि चार पावलं मागे आल्या. काकाही मागे सरकले. नातीला हा खेळ भलताच आवडला. ती खिदळत पुढे, ही दोघं मागे, असं करत करत दोघं बाल्कनीत पोचली. काकांनी दार ओढून घेतलं. नात काचेपाशी आली, बसली आणि तळहातानं काच बडवू लागली. लेकीला हसावं की रडावं कळेना. काकूंना कळलं. त्या तोंड फिरवून कुंड्यांकडे बघू लागल्या.

टॅक्सी गेली. घर एकदम मोठं झालं. काका फडकं आणि साबणाचं पाणी घेऊन निघाले. स्टूल, खुर्चीचे हात, कड्या, सगळं पुसत पुसत बाल्कनीच्या दाराशी आले. काचेवर खालच्या बाजूला एवढासा पंजा उमटला होता, बोटं फाकलेली, लाळेनं चिकट. काकू नुसत्या बघत राहिल्या.

काका वाकले. त्यांनी हात लांब करून मीटर त्या पंजापाशी धरलं, बराच वेळ धरून ठेवलं.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले आणि फडकं पिळून वाळत टाकलं.