टिल्लूने दाबलेला माझा रोल

मोहन टिल्लूने मला फसवलं. टीव्ही मालिकेतला मुख्य रोल माझ्याकडे चालून आला होता, तो याने परस्पर परतवला. सिडनीच्या आमच्या हॅरिस पार्कात ही गोष्ट अर्धीच पसरली आहे, म्हणून पूर्ण सांगतो.

टिल्लू आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतो. पेशाने इंजिनिअर, स्वतःच्या मते नट. आपलं बोलणं आपल्यालाच आवडलं नाही की म्हणतो, "परत घेऊ," आणि खरोखर परत घेतो. एकदा माझ्या दुकानातून कोथिंबीर घेऊन "नो वरीज, मेट" म्हणत बाहेर पडला. दारातून परत आला, जुडी परत ठेवली, पुन्हा उचलली आणि तेच वाक्य जरा खालच्या सुरात म्हणून गेला. मागे सहा गिऱ्हाइकं मास्क लावून दीड-दीड मीटरवर ताटकळत.

एकवीस सालच्या लॉकडाउनमध्ये एकट्या माणसाला घरी एकच पाहुणा घेता येई. ठरलेला पाहुणा मग बदलता येत नसे. बॉर्डर बंद, टिल्लूची बायको पुण्यात. त्याने मला निवडलं, म्हणजे कामाला लावलं. इथल्या एका मालिकेला मुख्य रोलसाठी तापट भारतीय दुकानदार हवा होता. ऑडिशन घरीच मोबाइलवर करून पाठवायची. टिल्लू दुकानदार होणार, मी कॅमेऱ्यामागून त्याच्या मुलाची वाक्यं वाचणार. फुकट मी काही करत नाही. रोज एक प्लेट कांदेपोहे ठरले. शेंगदाण्यांवरून घासाघीस झाली, ती मी जिंकलो.

रोज चार वाजता तोच सीन. घर सोडून निघालेल्या मुलाला बाप दारात अडवतो. टिल्लू इतका नम्रपणे अडवायचा की मुलालाच बापाला झापावं लागायचं. माझा घसा बसला, की हा म्हणणार, "परत घेऊ."

एकवीस दिवसांनी टेप गेली. पुढे एक दिवस म्हणाला, नाही म्हणाले ते, पण आपण दुसऱ्या ऑडिशनची तयारी करू. पोहे चालू राहिले.

पुढच्या वर्षी ती मालिका लागली. टिल्लूकडे बसून मी दुकानदार झालेल्या नटाला शिव्या घालत होतो. म्हटलं, याच्याकडून कोणी पालकसुद्धा घेणार नाही.

टिल्लू पोह्यांत चमचा फिरवत म्हणाला, "त्यांनी तुला विचारलं होतं."

कॅमेऱ्यामागचा तापट माणूस कोण, तोच मुख्य रोलला हवा, असा मेल आला होता. याने कळवलं, तो इंडियाला गेला.

"विमानं बंद असताना मी गेलो कसा, गाढवा? पोहत?"

त्याने मान वर केली नाही. "शूटिंगसाठी तीन महिने हॉटेलात कोंडणार होते तुला. मग चार वाजता बेल कोण वाजवणार होतं?"

मी बशी आपटून खाली आलो.

बॉर्डर उघडून कितीतरी महिने झाले, त्याची बायको आलेली नाही. ते मी विचारत नाही. पण माझ्या रोलचा जाब मला हवाच, आणि तो मागायला रोज चार वाजता मी त्याची बेल वाजवतो. तो सॉरी म्हणतो. मला अजून एकदाही पटलेलं नाही. "उद्या परत घे," असं बजावून येतो.