सनदांवरची मोहर

गंगाखेडच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या उद्धवरावांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत मायक्रोफिल्म वाचायचं यंत्र घरी आणलं आणि तिथंच घोळ झाला. गोदाकाठच्या देवस्थानांच्या जुन्या सनदा फिल्मवर होत्या. फिल्म दोन काचांमध्ये सरकवून दिवा लावला की पडद्यावर मोडी अक्षरं भाकरीएवढी दिसत. (लाईट असली तर.) पीएच.डी.ची मुदत संपत आली होती आणि प्रबंध तपासायला गाईड दिनकरराव रविवारी औरंगाबादहून यायचे होते.

अशात उद्धवरावांना शोध लागला! प्रत्येक सनदेवर मधोमध एक गोल, काळी मोहर. लगेच त्यांनी ‘एक अज्ञात सत्ता’ असं नवं प्रकरण लिहून काढलं आणि शनिवारी बायकोला, प्रभावतीला, हाताला धरून यंत्रापुढं बसवलं.

“सनद कोणतीबी लाव, मोहर जागची हलत न्हाई. काय शिस्त असंल त्या कारकुनांची!”

प्रभावतीनं पडदा पाहिला, मग यंत्रात वाकून पाहिलं.

“अहो, हे तर आत्याबाईंनी लावलेलं कुंकू हाय. दिव्यापुढं काळं दिसतंय.”

“कुंकू?”

“यंत्र आलं त्या दिवशी. तुमी टांगेवाल्याला वाटंला लावायला गेलता.”

ओसरीवरून उद्धवरावांच्या आई, पार्वतीबाई, कडाडल्या, “मग? नवं यंत्र घरात घ्यायचं अन् बिनकुंकवाचं ठेवायचं? त्याचं कपाळच घावंना. शेवटी आतली काच दिसली. तेलात कालवून लावलं, टिकावं म्हणून.”

प्रभावतीनं पदरानं काच पुसली. सगळ्या सनदांवरची मोहर एकदम नाहीशी झाली. (एवढ्या झटपट कुठलीच सत्ता बुडाली नसेल.)

उद्धवरावांना दरदरून घाम फुटला. हे दिनकररावांच्या हाती पडलं असतं तर? वाचलो बुवा! त्यांनी ते प्रकरण बंबात घातलं आणि त्यावर तापलेल्या पाण्यानं मनसोक्त अंघोळ केली. पण आता प्रबंधात उरलं काय, या काळजीनं जेवण काही गेलं नाही.

रविवारी दिनकररावांनी प्रबंध चाळला, चष्मा काढला.

“उद्धवराव, यात नवीन काहीच नाही.”

उद्धवरावांनी प्रबंध परत घ्यायला हात पुढं केला, तोच दिनकरराव म्हणाले,

“फार छान. परीक्षकांना वाचत बसायला नको. टाका देऊन! मागच्या एकानं शोध लावला, तो अजून खुलासे देतोय.”

उद्धवरावांना इतकं हायसं वाटलं, की आपला अपमान झाला हे त्यांना जेवणं उरकून सुपारी कातरताना कळलं.