गर्ट्रूडची गळती

"शनिवारी दुपारी गर्ट्रूड एक थेंबही गाळणार नाही," ऑर्व्हिल टोस्ट्रडने कॅफेत सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं. "गाळला, तर मी माझ्या हाताने किल्ली त्या कॉफीवाल्या पोराला देईन."

मंडळींनी शांतपणे माना हलवल्या. मिनेसोटातल्या त्या गावात 'तुला हे जमणार नाही' असं कुणी कुणाला तोंडावर सांगत नाही. "हं, बघू या," म्हणतात. अर्थ तोच.

गर्ट्रूड म्हणजे ऑर्व्हिलचा मोहरीच्या रंगाचा जुना पिकअप ट्रक. तिला 'ट्रक' म्हटलेलं त्याला खपत नसे. जन्मभर शाळेची बस चालवून तो निवृत्त झाला, पण जीव होता तो या बयेवर. बायकोला, मार्लिसला, लग्नाची मागणी त्याने हिच्यातच बसून घातली होती. गावातले निम्मे सोफे, फ्रीज आणि पियानो हिच्याच पाठीवरून इकडचे तिकडे झाले होते. कुणीही यावं, किल्ली आतच लटकलेली असे, घेऊन जावं. पैसे द्यायची सोय नव्हती, ऑर्व्हिलला राग यायचा.

घोडं अडलं होतं काँक्रीटवर. कित्येक वर्षं मागे लागून मार्लिसने दारापुढे पांढरंशुभ्र काँक्रीट घालून घेतलं होतं. त्यावर रोज सकाळी बशीएवढा काळा डाग! शेवटी ती म्हणाली, "ऑर्व्हिल, एक तर तिची गळती थांबव, नाहीतर तिला वाटेला लाव. तो शहरातला पोरगा शनिवारी येतोय. त्याच्या कॉफीच्या दुकानापुढे ठेवणार आहे तिला. मागच्या हौद्यात फुलझाडं लावून."

फुलझाडं! गर्ट्रूडच्या पाठीवर पेटुनिया! 

सोमवारी त्याने बॉनेट उघडलं. त्या गल्लीत बॉनेट उघडलं की पुरुष आपोआप जमतात, गुळाला मुंगळे लागावेत तसे. शेजारचा ड्वेन क्वामे खिशात हात घालून पहिला आला.

"गळतंय वाटतं," ड्वेन म्हणाला.

"थोडंसं."

"खाली पुठ्ठा घाल. कुठे थेंब पडतात ते कळेल."

पुठ्ठा घातला. थेंब पार मागे पडले. ड्वेनने दीर्घ श्वास घेतला. "मागचं ऑईल सील. म्हणजे गिअरबॉक्स उतरवायला लागणार. आमच्या काकांचं असंच झालेलं."

"मग काय केलं त्यांनी?"

"घोडा घेतला."

ऑर्व्हिल मात्र हटणाऱ्यातला नव्हता. तेल वरून गळतं आणि वाऱ्याने मागे जातं, हे त्याला ठाऊक होतं. उगम शोधायचा एक जुना उपाय होता: इंजिन पुसून स्वच्छ करायचं, त्यावर पावडर मारायची, गाडी सुरू करायची. जिथून गळतंय तिथून पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. त्याने मार्लिसची पायाला लावायची पावडर आणली आणि अख्खा डबा रिकामा केला. कमी नको म्हणून.

गर्ट्रूड सुरू झाली, पुढचा पंखा फिरला आणि सगळी पावडर ढगासारखी उसळून बाहेर आली. नेमक्या त्याच वेळी चर्चची टेबलं न्यायला पाद्रीबाई सॉल्वेग समोरून येत होत्या. ढग विरला तेव्हा त्यांचा काळा पोशाख पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा झाला होता.

"छान वास आहे," पाद्रीबाई म्हणाल्या. "ट्रक मिळेल का जरा?"

पण रेघ उमटली होती. अगदी वर, इंजिनावरच्या झाकणाच्या, टॅपेट कव्हरच्या कडेला. पॅकिंग वाळून चामड्यासारखं कडक झालं होतं. पाद्रीबाई गर्ट्रूडला घेऊन परत आल्यावर ऑर्व्हिलने नवं पॅकिंग बसवलं, बोल्ट हळुवार आवळले आणि शीळ घालत घरात आला. "झालं," तो म्हणाला. "निदान बरोबर असलं की औषध स्वस्त पडतं."

मंगळवारी ड्वेन गवताचे भारे आणायला गर्ट्रूडला घेऊन गेला. बुधवारी सकाळी डाग ताटाएवढा होता.

मग ऑर्व्हिलने पुढचं सील बदललं. गुरुवारी दुसरीकडून गळू लागलं. इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचं पॅकिंग बदललं, तर तिसरीकडून! एक भोक बुजवावं तर दोन नवी उघडत होती. एवढं गळतंय म्हणजे आत खडखडाट असणार, म्हणून तो रोज एक बाटली तेल ओतत होता. तेल मोजायची पट्टी काढून पाहिली, तर ती वरच्या खुणेच्याही पार वर ओली. पण ती पट्टी भंगारातल्या दुसऱ्याच गाडीची होती, आणि ऑर्व्हिलचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "खोटारडी," असं म्हणून तो ती परत खुपसायचा.

शुक्रवारी पहाटे खिडकीतून त्याला मार्लिस दिसली. गाऊनवरच, बॉनेटपाशी, हातात फडकं. "पुसत होते," ती तुटकपणे म्हणाली. ऑर्व्हिलला वाटलं, विकायच्या आधी चकचकीत करतेय. त्या दिवशी त्याला नाश्ता गेला नाही.

शनिवारी कॉफीवाला पोरगा आला. बारीक पँट, मोठ्ठा चष्मा. मागोमाग सहज फिरायला निघाल्यासारखी निम्मी गल्ली आली. गर्ट्रूडखाली तळं साचलेलं.

"किती जुनं तेल आहे?" पोराने विचारलं. "दुकानापुढे उभी करायची तर मला तेल काढूनच न्यावी लागेल."

"मी काढतो," ऑर्व्हिल म्हणाला. शेवटची सेवा आपल्याच हातून होऊ दे, असं त्याला वाटलं. तो खाली सरकला, ठेवणीतली परात लावली आणि बोल्ट काढला.

तेल आलं. येतच राहिलं. परात भरली. "मार्लिस, भांडं!" मार्लिसने केकचं भांडं दिलं, तेही भरलं. मग थँक्सगिव्हिंगची टर्की भाजायचा मोठा टोप आला. तोही काठोकाठ भरला आणि उरलेलं तेल त्या पांढऱ्याशुभ्र काँक्रीटवर डौलात पसरत गेलं. इंजिनाला लागतं त्याच्या दुप्पट तरी होतं ते.

मग ड्वेनने घसा खाकरला.

"मी मंगळवारी एक बाटली घातली होती. ट्रक वापरला ना. रिकामा कसा परत करणार?"

"मीही घातली," पाद्रीबाई हळूच म्हणाल्या. "दोन. टेबलं जड होती."

गल्लीतल्या आणखी दोघांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, आणि केलेलं बोलून दाखवायचं नाही, ही त्या गावची रीत. त्या रीतीने गर्ट्रूडला आठवडाभर गळ्यापर्यंत पाजलं होतं. तिला गळायला जागा तरी कुठे उरली होती? जिथून सुटेल तिथून ती बिचारी ओकत होती.

ऑर्व्हिलने ट्रकखालूनच मान बाहेर काढली. "म्हणजे पट्टी खरं बोलत होती."

"ऑर्व्हिल," मार्लिस म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मीही घालत होते. रोज पहाटे. मला वाटलं, उपाशी राहिली तर मरेल." मग जरा थांबून, "मी तिला जा म्हटलं होतं. मर कुठे म्हटलं होतं?"

ऑर्व्हिल तेलाने माखलेला बाहेर आला आणि त्याने बायकोकडे असं पाहिलं की गल्लीतले सगळे पुरुष एकदम आकाशाकडे बघून हवामानावर बोलू लागले.

खोटारड्या पट्टीवर मोजून, बेताचं तेल घातलं. गर्ट्रूड तासभर सुरू ठेवली. खाली नवा पुठ्ठा. एक थेंब नाही.

"मग मी घेऊन जाऊ ना?" पोराने विचारलं.

मार्लिसने काँक्रीटकडे पाहिलं. टेबलाएवढा काळाकुट्ट डाग, आणि तो आता जन्मात निघणार नव्हता. बुधवारी तर चर्चच्या सगळ्या बायका तिच्याकडे कॉफीला यायच्या होत्या.

"नाही रे बाबा," ती म्हणाली. "ऑर्व्हिल, तिला जरा पुढे घे. अजून थोडी. हां, बरोबर त्याच्यावर. आणि आता ती तिथून हलता कामा नये."

"पण मार्लिस," ड्वेन चाचरत म्हणाला, "मला सोमवारी गवत..."

"घोडा घे," मार्लिस म्हणाली.