दोन पट्ट्या, चार जागा

"बाहेरचा माणूस कशाला? घरात मी आहे ना!" असं म्हणून बाबांनी मुलीचा नवा कम्प्युटर स्वतःच जोडला. बाबांनी चाळीस वर्षं टाइपरायटर दुरुस्त केले होते आणि एवढ्या काळात एकही माहितीपुस्तिका उघडली नव्हती. यंत्रासमोर पुस्तिका वाचणं म्हणजे पाहुण्यासमोर त्याची चौकशी करणं, असं त्यांचं मत होतं.

मुलगी दुकानं, दवाखाने आतून कसे असावेत ते आखून देते. तिचं पहिलं गिऱ्हाईक, दातांचे एक डॉक्टर, चार वाजता येणार होते. त्यांना त्यांचा होणारा दवाखाना पडद्यावर फिरवून दाखवायचा होता. आवडला तर काम तिचं.

"मुलगी कुणाची आहे!" बाबा सकाळपासून सातव्यांदा म्हणाले.

तीन वाजता मुलीनं तालीम म्हणून पडद्यावर दवाखाना सुरू केला. दार अर्धं उघडलं आणि विचारात पडलं.

"बाबा, हा रखडतोय."

"नवा आहे. बुजलाय."

दार पूर्ण उघडायला पाच मिनिटं लागली, तेव्हा बाबांना विजेचा दाब कमी असल्याची शंका आली. त्यांनी फ्रिज बंद केला. मग पंखे. मग वॉशिंग मशीन, आतल्या कपड्यांसकट आणि फेसासकट. शेवटी दारावरची घंटाही बंद केली, त्यामुळे चार वाजता डॉक्टर दार ठोठावून थकले आणि घामाघूम होऊन आत आले. बाबा तेव्हा कम्प्युटरचं झाकण काढून आत फुंकर मारत होते.

"ऑपरेशन चाललंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नुसती तपासणी," बाबा म्हणाले.

आई कोपरापर्यंत साबण घेऊन बाहेर आली. दुसरीचा वर्ग तिनं तीस वर्षं सांभाळला होता. तिनं आत डोकावलं.

"अहो, ह्या दोन पट्ट्या कसल्या?"

"मेमरीच्या."

"जागा चार, आणि दोघींना चिकटून बसवलंत?"

"अगं, जोडीनं घेतल्यात. जोडी शेजारी शेजारीच शोभते!"

"शोभते, पण काम करत नाही. माझ्या वर्गात गप्पिष्ट पोरं मी एक जागा सोडून बसवायचे. आणि जागांचे रंग बघा की! काळी, करडी, काळी, करडी."

मुलीनं खोक्याच्या तळातून पुस्तिका काढली. "दुसऱ्या आणि चौथ्या जागेत बसवा, असं लिहिलंय. शेजारी बसवल्या तर दोघी एकाच वाटेनं ये-जा करतात, दुसरी वाट रिकामी राहते."

"तेच म्हणत होतो मी," असं म्हणत बाबांनी पट्ट्या हलवल्या.

दवाखाना धावू लागला. डॉक्टर खूश होऊन पडद्यावरच्या दारातून आत शिरले, पुढे गेले आणि थबकले.

"पेशंटच्या ह्या दोन खुर्च्या... अगदी शेजारी?"

"जोडीनं छान दिसतात," मुलगी अभिमानानं म्हणाली.

"अहो, एकाची बोंब ऐकून दुसरा पळून जाईल!"

मुलीनं पडद्यावरची एक खुर्ची उचलून पलीकडच्या टोकाला ठेवली आणि मध्ये भिंत घातली. कम्प्युटर जरासुद्धा अडला नाही.

"आता बरोबर!" डॉक्टर म्हणाले. "काम तुमचं."

बाबांनी छाती फुगवून तोंड उघडलं, पण हातावरचा फेस पुसत आईच आधी म्हणाली, "मुलगी कुणाची आहे!"

बाबांनी नम्रपणे मान तुकवली.